तिपाई गाडीची निरवानिरव

मी, धर्मपाल गोविंदा मनवर, सन एकोणीसशे छप्पनच्या दसऱ्यापर्यंत मारोती गोविंदा मनवर, वय वर्षे एक्कावन, धंदा मालवाहतूक आणि त्यातून वेळ उरल्यास लिखाण, राहणार मौजे खैरपेंड, तालुका दारव्हा, जिल्हा यवतमाळ, माझ्या मागे काय कोणाकडे जावे हे या कागदावर स्वखुशीने लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे. ते नाही असे गावातल्या बऱ्याच मंडळींचे मत आहे, पण मी त्यांच्या डोक्याचा दाखला कधी मागितला नाही, त्यांनीही माझ्या डोक्याचा मागू नये. यवतमाळच्या डॉक्टरांनी माझे पोट दाबून पाहिले आणि मग माझ्याकडे न बघता माझ्या बायकोकडे बघितले. तेव्हा उशीर करण्यात अर्थ नाही. हा कागद कोणी धाक घालून किंवा दारू पाजून लिहून घेतलेला नाही. फुकट दारू पाजणारा माणूस मला या तालुक्यात भेटलेला नाही.

कलम १. राहते घर, दोन खोल्या, वर टीन, समोर गाडी फिरवण्यापुरती मोकळी जागा, हे सर्व माझी पत्नी तुळसाबाई हिचे. पोस्टात जे काही आहे तेही तिचे. तिने ते माझ्या तेरवीवर खर्च करू नये. तेरवी आम्ही सोडली, हे तिला ठाऊक आहे, पण शेजारणी आठवण करून देतील.

कलम २. माझे फाउंटन पेन, ज्याची निब डावीकडे झुकते, ते यवतमाळच्या ज्या साप्ताहिकात मी टिंगलीचे सदर लिहितो त्याच्या संपादकांना द्यावे. त्यांनी माझ्या प्रत्येक लेखाचा शेवटचा परिच्छेद जागेअभावी कापला. या मृत्युपत्राचा शेवट कापण्याचा अधिकार मी त्यांना देत नाही.

कलम ३. माझी खरी इस्टेट एकच, ती म्हणजे तीनचाकी मालगाडी. गाव तिला तिपाई म्हणते. जपानातल्या ओसाका शहरी किनोसावा मोटार कारखान्यात ती तयार झाली. वणीकडच्या एका कोळशाच्या ठेकेदाराने ती कलकत्त्याहून आणली होती. मी राजूरला त्याच्याकडे हजेरी कारकून होतो. सत्तावन साली ठेका सुटला आणि सामानाचा लिलाव झाला. तंबू गेले, घड्याळ गेले, मोडक्या खुर्च्यासुद्धा गेल्या. गाडीवर बोली लागेना, कारण तीन चाकांच्या वस्तूला मोटार म्हणावे की खेळणे हे कोणाला ठरवता येईना. मी ठरवत बसलो नाही.

जिच्याबरोबर आयुष्य काढले तिचे घराणे वारसाला माहीत असावे म्हणून लिहितो. किनोसावा हा मुळात सूतगिरणीच्या चात्या घडवणारा कारागीर. पुढे त्याने पाण्याचे पंप केले, मग सायकलमागे पेटी जोडली, मग पेटीपुढे इंजिन. गाडीबरोबर आलेल्या छापील पत्रिकेत एवढे आहे. त्यानंतर पत्रिका एकदम काही वर्षे गिळते आणि लढाई संपल्यावर तोंड उघडते. मधल्या वर्षांत तिथे तोफगोळ्यांची टोपणे होत होती आणि हरल्यावर उरलेल्या पत्र्याचे भाताचे डबे केले, हे मला कारखान्याच्या कलकत्त्यातल्या एजंटाने सांगितले. मला नवल वाटले नाही. आमच्या गावची विहीर पाटलांच्या आजोबांनी बांधली असे तिच्यावर कोरले आहे. खणली कोणी, ते पान तिथेही नाही.

बासष्ट साली कारखाना बंद पडला. तिकडच्या लोकांना चार चाके परवडू लागली आणि तीन चाकांची लाज वाटू लागली. एजंटाने त्याच दुकानात शिवणयंत्रे मांडली. म्हणजे आज माझी गाडी निपुत्रिकच नव्हे तर पोरकीही आहे.

कलम ४. त्या पत्रिकेत शेवटी मालकांचे अभिप्राय आहेत. एक मासळीवाला म्हणतो, गाडी घेतल्यापासून मी पहाटे गाणे म्हणतो. एक बाई मुळ्यांनी भरलेल्या गाडीला टेकून हसते आहे. माझा अभिप्राय कोणी मागितला नाही आणि आता मागणारा उरला नाही, म्हणून तो इथे नोंदवतो.

गाडीला स्टिअरिंग नाही, सायकलसारखी दांडी आहे. इंजिन बैठकीखाली असल्यामुळे चालवणारा पौषात सुखी असतो आणि वैशाखात भाजून निघतो. बैलगाड्यांनी दोन चाकोऱ्या पाडलेल्या रस्त्यावर तिचे पुढचे चाक बरोबर मधल्या उंचवट्यावर येते. जपानातल्या शहाण्यांनी सर्व विचार केला, बैलांचा केला नाही. वळणावर ती एका अंगाला कलते, तेव्हा मागे बसलेल्यांनी दुसऱ्या अंगाला सरकायचे असते. हे दारव्ह्याच्या बाजारकरणींना एका खेपेत समजते. तिने कापूस वाहिला, कांदे वाहिले, अडलेल्या बाया वाहिल्या, आणि एकदा मतपेट्याही वाहिल्या. कांद्यांनी तिला सर्वांत कमी त्रास दिला.

गाडी वस्तीत आली त्या दिवशी शेजारच्या रुखमाबाईने तांब्या आणून पुढच्या चाकावर पाणी घातले. “बुद्धाच्या मुलखातून आली न बापा, पाय त धुऊ दे तिचे.” त्या मुलखाने लढाईत काय काय केले ते मी तिला सांगितले नाही. एवढ्या लांबून आलेल्या पाहुणीच्या घरची भांडणे दारातच काढू नयेत.

दारव्ह्याचा मिस्त्री वाहिद याने मात्र तिला लिंबू-मिरची बांधली. मी ती सोडली.

“काहून सोडली, भाऊ?”

“आमी धर्म बदलला वाहिद. हे चालत नाही आता.”

“तुमचं धरम बदललं,” वाहिद म्हणाला, “गाडीचं थोडीच बदललं?”

कलम ५. या गाडीला रिव्हर्स गिअर नाही. हे कलम पुढील सर्व कलमांचा पाया आहे, तरी नीट वाचावे. अठ्ठावन साली पहिला गिअर तुटला. कलकत्त्याहून भाग येईना. वाहिदने रिव्हर्सचे दातेरी चाक काढले, घासले आणि पहिल्याच्या जागी बसवले. हात पुसत म्हणाला, “घ्या भाऊ. आता हे फक्त समोर जाते.” मी म्हणालो, चालेल. माझ्या दारासमोर फिरवायला जागा आहे. आमच्या वस्तीतून बाहेर पडायचे तर नाल्याच्या रस्त्याने गावाला वळसा घालून जायचे आणि त्याच रस्त्याने यायचे. गावच्या पेठेतून आमची गाडी जात नाही. पेठेतून आमचे काहीच जात नाही.

कलम ६. छप्पनच्या दसऱ्याला नागपूरहून परत आल्यावर वस्तीने ठरवले की मेलेली जनावरे ओढायची नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात पाटील दौलतराव यांचा खिल्लारी बैल त्यांच्याच दारात मेला. त्यांनी माणूस पाठवला, आम्ही गेलो नाही. पुन्हा पाठवला, पुन्हा गेलो नाही. बैल फुगला. शेवटी पाटलांच्या भाऊबंदांनी तोंडाला उपरणी बांधून तो स्वतः ओढत नेला. या घटनेवर मी लिहिलेला लेख साप्ताहिकाने छापला नाही.

एकोणसाठच्या वैशाखात माझी एकुलती एक मुलगी इंदू हिचे लग्न झाले. जावई उमरखेडचा, कापडाच्या दुकानात कामाला. लग्न वस्तीत लागले. वरात पेठेतून न्यायची असे पोरांनी ठरवले आणि मी नाही म्हणालो नाही. गाडीत गादी घातली, गादीवर पांढऱ्या पातळातली इंदू आणि जावई, दांडीवर मी, बाजूला वाहिद, मागे बँड आणि वस्ती. चावडीपाशी पाटील उभे होते, त्यांच्यामागे त्यांचे लोक. त्या ठिकाणी पेठ इतकी अरुंद आहे की समोरून बैलगाडी आली तर एकाने दुकानात शिरावे.

“धर्मपाल म्हन्तेत म्हणे तुले आता,” पाटील म्हणाले. “मारोती होता तवा बरा होता. फिरव गाडी.”

“फिरत नाही, पाटील. जागा नाही अन् इच्यात मांगचा गेर नाही.”

“मस्करी करून राह्यला का?”

“खुदाकसम पाटील,” वाहिद म्हणाला, “मीच काढला. पाहाचा असंन त खोलून दावतो. दोन घंटे लागतीन.”

“मंग लोटा मांगं. हात नाही का तुमाले?”

आमच्यातले कोणी हलले नाही. मी म्हणालो, “उचलाचं काम आमी छप्पन सालीच सोडलं, पाटील. तुमाले मालूम आहे.”

बँडवाल्याने हे ऐकून झांज वाजवली. त्याला वाटले भाषण सुरू झाले. पाटलांनी मागे पाहिले, आणि मग जे झाले ते या तालुक्यात पूर्वी झालेले नाही. ज्यांना आमची सावली चालत नाही असे आठ-दहा जण पुढे आले, त्यांनी नवरानवरीसकट गाडीखाली हात घातला, खांदा लावला, पुढचे चाक उचलले आणि गाडी जागच्या जागी फिरवून तिचे तोंड नाल्याकडे केले. पाटलांच्या पुतण्याच्या हाताला इंदूच्या पातळाचा काठ लागला. त्या दिवशी गावच्या विहिरीवर सणाला होत नाहीत इतक्या आंघोळी झाल्या.

वस्ती महिनाभर हसली. मी लेख लिहिला. तो छापून आला, यवतमाळच्या वकिलांनी तो एकमेकांना वाचून दाखवला. आणि वरात नाल्याने परत गेली. ही गोष्ट सांगताना लोक हे वाक्य नेहमी विसरतात. मी लेखात ते शेवटच्या परिच्छेदात लिहिले होते.

कलम ७. इंदू हसली नाही. उमरखेडच्या बसमध्ये बसताना एवढेच म्हणाली, “बाबा, लोक म्हन्तेत तुमी जितले. मले त मांगंच नेलं न.” त्यानंतर तिने खैरपेंडला पाय ठेवला नाही. आम्ही दोघे उमरखेडला जातो, ती चहा करते, नातू अंगावर चढतो. गावाचा विषय निघाला की ती उठून भांडी घासायला घेते. तुळसाबाई मला परतीच्या वाटेवर सुनावते, “तुमी लिवा अजून. लिवल्यानं पोरगी येते का घरी?” येत नाही. सहा वर्षे लिहून पाहिले. चार तालुक्यांना हसवले, पण पेठ हातभरही पुढे सरकली नाही. पोरे आता वरात नाल्यानेच काढतात आणि माझा लेख तोंडपाठ म्हणतात.

इंदूला मी काय ठेवावे? घर आईचे, गाडीत ती बसणार नाही. तिच्यासाठी पुढचे कलम ठेवले आहे.

कलम ८. आमच्या मयताची जागा पेठेच्या पलीकडे, दारव्हा रस्त्याला लागून आहे. पेठेतून गेले तर चिलीम विझायच्या आत पोचावे. आजवर आमचा प्रत्येक माणूस मेल्यावरसुद्धा नाल्याने वळसा घालून तिथे गेला. माझे वडील गोविंदा भर पावसाळ्यात गेले, तेव्हा नाला उतरेपर्यंत आम्ही त्यांना घेऊन काठावर बसलो होतो. पलीकडे पेठ कोरडी होती.

माझे प्रेत तिपाईत ठेवावे. दांडी वाहिदने धरावी. पेठेतून न्यावे. कोणी फुले उधळू नयेत, घोषणा देऊ नयेत, भांडणाला तोंड फोडू नये. चावडीपाशी वाट मोकळी मिळाली तर हे कलम इथेच संपले असे समजावे आणि मी आयुष्यभर गावाबद्दल वाईट लिहिले ते मागे घेतले असे साप्ताहिकात छापावे.

तशी वेळ येईल असे मला वाटत नाही. अडवले, तर वाहिदने इंजिन बंद करावे. गाडी उचलून फिरवायची युक्ती त्यांना माहीत झाली आहे, म्हणून त्याने पुढचे चाक खोलून घ्यावे, ते खांद्यावर टाकावे आणि दारव्ह्याला निघून जावे. बाकी सर्वांनी घरी जाऊन जेवावे. मला तिथेच राहू द्यावे. माझ्या माणसांपैकी कोणीही मला मागे नेण्यासाठी उचलू नये. पुढे न्यायचे की मागे, हे ज्यांनी अडवले त्यांनी ठरवावे. ते ज्या दिशेला म्हणतील त्या दिशेला मी जाईन, फक्त खांदा त्यांनी द्यायचा आहे.

इंदूने यावे अशी अट मी घालत नाही. अटी घालून मुली येत नाहीत. पण हे कलम तिला वाचून दाखवावे. या खेपेला मागे फिरणारा तिचा बाप नसेल, एवढे तिला कळावे.

कलम ९. त्यानंतर गाडी, पाने, जॅक आणि पत्रिका, सर्व वाहिदचे. तिला पुन्हा कधी रिव्हर्स बसवू नये. लिंबू-मिरची बांधायची असेल तर बांधावी. पाटील दौलतराव यांना मी काही ठेवत नाही. त्यांना लागणारे सर्व त्यांच्याकडे आहे.

ज्याला काही मिळते त्याने साक्ष घालू नये असे वकील म्हणाले, म्हणून वाहिदची सही नाही. रुखमाबाईने अंगठा देण्यापूर्वी एक शंका काढली, तीही नोंदवून ठेवतो.

“पण धर्मा, नाहीच उचललं तुले त?”

“त पडून राहीन.”

“भर उन्हाळ्याचं?”

“पाटलाचा बैल कवा उचलला होता, रुखमाबाई?”

रुखमाबाईने शाई जवळ ओढली. “वास सुटला तवा,” म्हणाली, आणि अंगठा शाईत बुडवला.

सही: धर्मपाल गोविंदा मनवर

साक्षीदार:
१. हरिसिंग रामधन राठोड, शाळामास्तर, सही
२. रुखमाबाई, शेजारीण, डाव्या हाताचा अंगठा

मुक्काम खैरपेंड, तालुका दारव्हा, जिल्हा यवतमाळ
तारीख २७ फेब्रुवारी १९६५