मामाच्या निधनाचा कच्चा मसुदा

तीर्थरूप मामास,

तुझ्या सगळ्यात लाडक्या (आणि एकुलत्या एका) भाचीचा वाकून नमस्कार. तुझी कंबर कशी आहे? मामीचा खोकला गेला का? आमच्याकडे सगळे ठीक, म्हणजे आजपासून ठीक. मला कॉलेजात प्रवेश मिळाला! आई सकाळपासून दिसेल त्याला सांगत सुटली आहे, बाबा उगाचच हसतायत, आणि माझा जीव एकदाचा भांड्यात पडलाय.

प्रवेशासाठी स्वतःविषयी निबंध लिहायचा होता. मार्क कितीही असोत, निबंध दमदार नसेल तर घरी बसा, असं जो तो सांगत होता. म्हणून मी आधी निवडले गेलेले निबंध मिळवून वाचले. एकाचं घर जळालेलं, एकीने मोडक्या पायाने शर्यत जिंकलेली. माझ्या आयुष्यात बघायला गेलं तर कांजिण्या, त्याही सौम्य. घरात बैठक बसली आणि कुणीतरी वारायला हवं यावर एकमत झालं. कुणी, यावर मात्र नाही. मी तुझं नाव सुचवलं (राग मानू नकोस, तू दुःखद प्रसंगात फार शोभतोस). आई भडकली, "मारायचंच तर यांच्या भावाला मार!" बाबा म्हणाले, काका शेजारच्या गल्लीत राहतो, रोज समोर येतो, बरं दिसत नाही. तू लांब राहतोस, म्हणून तू गेलास. फार सुंदर गेलास रे. शेवटी मी स्वतःच रडले, आणि डोळे पुसताना लक्षात आलं की हा निबंध सगळा तुझाच झालाय, यात मी कुठेच नाही. शिवाय तू धडधाकट. फाडून टाकला.

मग जे रोज घडतं तेच लिहिलं. बाबा दुरुस्तीला आलेल्या शिलाई मशीनमध्ये डोकं घालतात आणि मी टॉर्च धरते. उजेड त्यांच्या बोटांवर पाडायचा असतो, पण माझा हात मला जे बघायचंय तिकडे वळतो, आणि बाबा ओरडतात. एकदा असाच भलतीकडे गेलेला उजेड नेमका अडकलेल्या दोऱ्याच्या गुंत्यावर पडला. तेव्हापासून मला आतलं सगळं बघायचंय, शिकायचंय. एवढंच. लिहिताना कुणाला विचारावंसं वाटलं नाही, आणि फार बरं वाटलं. बाबांनी वाचून एवढंच विचारलं, "मी इतका ओरडतो?" दुसऱ्या दिवशी ते इतक्या गोड आवाजात "उजेड इकडे गं" म्हणाले की मला वाटलं, त्यांना ताप आलाय. टॉर्चचा निबंध आवडला, असं कॉलेजने आवर्जून कळवलंय.

मामीला नमस्कार सांग.

तुझी,
पिटुकली

ता. क. : एक बारीकशी गोष्ट राहिली. तो पहिला निबंध फाडण्याआधी मी आमच्या वर्गाच्या बाईंना वाचायला दिला होता. बाई फार हळव्या, आणि कामात फार तत्पर. त्यांनी त्याच दिवशी कॉलेजला माझी शिफारस लिहून पाठवली, त्यात "मामांच्या निधनाने खचून न जाता" असं आहे. मला कालच कळलं. खरं सांगायला गेले, तर त्यांनी मला जवळ घेतलं आणि त्याच रडायला लागल्या. मग मीच त्यांना रुमाल दिला, आणि खरं सांगायचं राहूनच गेलं.

आणखी एक ता. क. : मी खरं सांगणार आहे, बाईंना आणि कॉलेजलाही, फक्त हॉस्टेलात सामान लागू दे. पण त्या दिवशी बाई मला निरोप द्यायला फाटकाशी येणार आहेत, आणि सामानाला टेम्पो तर तुझाच लागणार. तेव्हा नक्की ये, पण टेम्पोवाला म्हणून ये. आईला ताई म्हणू नकोस, मला टपली मारू नकोस, आणि बाईंनी गेलेल्या मामाबद्दल चार चांगले शब्द काढले, तर कृपा करून "अगदी खरंय" म्हणून मान डोलावू नकोस.