घनदाट जंगल, न्हाणीच्या मागे

बेळगाव, मंगळवार दुपार

तीर्थस्वरूप भावकूदाजींना, दोन्ही गुडघे दुखत असतानाही, रवळूचा वाकून नमस्कार.

तुमची कंबर, आक्काचं बीपी आणि म्हशीचा खुर आता कसा आहे ते कळवा. मी बरा आहे, म्हणजे अजून कुठं पडलो न्हाय. फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोन आक्का उचलते आणि तुम्हाला द्यायच्या आधी तीच सगळं ठरवून मोकळी होते.

माझी नोकरी तुम्हाला ठाऊक आहेच. कॉलेजातली वाळवलेल्या झाडपाल्याची खोली सांभाळतो (आक्का म्हणते, पाला राखतो. बरोबरच आहे). आता वरून हुकूम आलाय की आमच्या कागदावर चिकटवलेल्या प्रत्येक झाडाची माहिती डीएनए बँकेतल्या नळीशी जोडायची. त्या बँकेत पानाचा तुकडा थंडगार करून ठेवतात. आमचा कागद आणि त्यांची नळी एकाच झाडाची, पण बारा वर्षं एकमेकांना ओळख न्हाय. दोन महिने मी ही सोयरीक जुळवतोय. त्यांचे नंबर यंत्रात आणि आमचे माझ्या डोक्यात, त्यामुळं डोकं लई दुखतं.

दाजी, बारा वर्षांपूर्वी मला कॉलेजातल्या सरांनी गुंजीच्या वरच्या जंगलातून रानहळद आणायला पाठवलं होतं, आठवतंय? जळवा बघून मी तुमच्याकडं शिरलो. आक्कानं नाचण्याची भाकरी आणि सुकट वाढली, आणि जेवण झाल्यावर डोंगर आणखी उंच दिसायला लागला. मग मी तुमच्या न्हाणीच्या मागच्या हळदीतलं एक रोप फुलासकट उपटलं आणि बेळगावात येऊन लेबल लिहिलं : 'घनदाट जंगल, चढण अवघड, हत्तींचा वावर.' (हत्ती मी शोभेला घातले.)

परवा बँकेच्या पद्मजा मॅडमांचा फोन आला. माझा कागद त्यांच्या नळीला जोडला आणि त्यांना काहीतरी निराळंच दिसलं. "रवळूसाहेब," त्या म्हणाल्या, "ही हळद दुसऱ्या कुठल्याच बँकेत नाही." नोकरीच्या बत्तीस वर्षांत मला पहिल्यांदा कुणी साहेब म्हटलं, आणि मला धड आनंदही करता येईना. कारण रविवारी त्या पाच माणसं घेऊन जिवंत झाड बघायला येणार आहेत. हत्तींपासून सावध कसं राहायचं, तेही विचारलंय.

झाड मिळालं न्हाय तर माझ्या हातची तीनशे बाराच्या तीनशे बारा लेबलं संशयाची ठरणार. बाकीची तीनशे अकरा खरी आहेत हो दाजी. त्यांच्यासाठी मी जळवांना रक्त दिलंय, काळ्या दगडावरून घसरून हात मोडून घेतलाय. आठ महिन्यांनी मी रिटायर होऊन घरी बसणार, आणि मागं राहणार तो तेवढाच पाला. म्हणून ठरवलंय, मॅडमांना सरळ तुमच्या न्हाणीमागं न्यायचं आणि खरं काय ते सांगायचं. झाड समोर असलं की खरं बोलायला धीर येतो. रविवारी माझ्यासकट सात पानं जास्त वाढायला आक्काला सांगा.

तुमचा थकलेला मेहुणा,
रवळू

ता. क. : तुमचा सूरज आत्ताच येऊन गेला. न्हाणी पाडून टाइल्सची नवी बांधताय आणि गवंडी शुक्रवारी येणार म्हणाला. हे पत्र खरं तर एवढ्यासाठीच समजा. पाया पडतो, गवंड्याला थांबवा. संध्याकाळी तो परत निघाला की त्याच्याच हाती हे पत्र देतो.

ता. क. दुसरी : सूरजनं आक्काचं हळदीचं लोणचं आणलं होतं. भाताबरोबर बरंच खाल्लं. चव निराळीच लागली म्हणून बरणीचं फडकं नीट सोडलं, तर आत आक्काची चिठ्ठी : 'न्हाणीमागची सगळी खणून काढली. गवंड्याच्या पायाखाली वाया जायला नको.'

दाजी, उकिरडा चाळा. एखादा कोंब तरी पडला असेल.

उरलेल्या चार फोडी मी फ्रीजमध्ये ठेवल्यात. बरणीला लेबल लावलंय, नंबर तीनशे तेरा : 'भावकूदाजींच्या न्हाणीच्या मागे, गुंजी. चढण न्हाय. हत्ती न्हायत.'