मोगरा आणि शेवंती

पंचवटी, नाशिक
१२ डिसेंबर २००३

चि. हर्षाली,

अनेक आशीर्वाद. निफाडला नीट पोचलीस ना? इथे थंडी वाढलीय, म्हणजे तुमच्याकडे मामांनी द्राक्षबागेत शेकोट्या सुरू केल्या असतील. स्वेटर घालत जा.

माझं प्रदर्शन काल संपलं. तू पाहिलंस ते मोठं चित्र सगळ्यांना आवडलं. डोक्यावर फुलांच्या पाट्या घेतलेल्या चार पाठमोऱ्या बायका. पेपरात आलं, ‘बाजाराला निघालेल्या मैत्रिणी’. एका प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांना चित्रासमोर उभं करून श्रमातला आनंद समजावला. मी मान हलवत राहिले. ते मला चांगलं जमतं.

तू विचारलंस, “यात माझी आई कुठली?” मी पहिलीकडे बोट दाखवलं. तू बराच वेळ बघत राहिलीस आणि म्हणालीस, “एवढ्या मैत्रिणी होत्या, तर एकीला तरी सांगायचं ना तिनं, आत्या. सहा वर्षांची होते मी. माझासुद्धा विचार केला नाही.”

त्यावर मी विषय बदलला. तुला चहाला घेऊन गेले.

मंगळवारी भागीबाई आली होती. मखमलाबादला आपल्या मळ्याला लागूनच तिचा मळा. चित्रापुढे उभी राहून मोठ्यानं म्हणाली, “मास्तरीणबाई, रंग झ्याक दिलाय, पण माळ्याची लेक असून फुलांचं इसरल्या जनू! मोगरा उन्हाळ्याचा, शेवंती थंडीची. एका दिवशी बाजाराला कशी निघंल?” मी हसले. ती हसली नाही. पहिल्या पाटीतला मोगरा, दुसरीतला ॲस्टर, तिसरीतला झेंडू, चौथीतली शेवंती, असं बोटानं दाखवत गेली आणि हळूच म्हणाली, “ही येकच बाई हाय ना? वरीसभर चाललेली. आपली मालन हाय का?”

हर्षाली, त्या चौघी नाहीत. ती एकटीच आहे.

वहिनी बाजाराला जाताना माझ्या दाराशी थांबायची. मोगऱ्याच्या दिवसांत आली तेव्हा पदराआड हात नेऊन म्हणाली, “वन्सं, हितं गाठ लागती. दुखत नाय, पण जात बी नाय.” मी म्हटलं, दादाला सांग. “त्यांना कसं सांगू? तुम्ही चला ना दवाखान्यात. बाईमाणूस सोबत असलं म्हंजे झालं.” मी म्हटलं, शाळेला सुट्टी लागू दे. सुट्टीत मी मुंबईच्या प्रदर्शनासाठी चित्रं करत बसले. श्रावणात ती पुन्हा आली, तेव्हा चाचणी परीक्षा होती. दसऱ्याला आली, तेव्हा मुंबईला जायची तयारी चालली होती. थंडीत आली तेव्हा गाठीचा विषयच काढला नाही. ओंजळभर शेवंती माझ्या टेबलावर ठेवली, “कामात आहात” म्हणाली आणि पाटी उचलून गेली. चारही वेळा मी तिला जाताना पाहिलं. म्हणून ती पाठमोरी आहे.

पुढच्या चैत्रात ती गेली. दहाव्याला बायका म्हणत होत्या, मालननं कुणाला कळूच दिलं नाही. मी तिथेच बसले होते. तिथेही मान हलवली. तेच पुढे घरात सगळे म्हणू लागले, तेच ऐकत तू मोठी झालीस.

वेळेवर नेलं असतं तर ती वाचली असती का, हे डॉक्टरांना विचारायचं धाडस मी अकरा वर्षांत केलं नाही. पण तिनं लपवलं नव्हतं. दवाखान्याच्या वाटेवर सोबत मागितली होती, तीन वेळा, आणि दर वेळी तुझं नाव घेऊन. “हर्षाली ल्हान हाय अजून,” असं म्हणायची.

दादालाही आजच लिहिते आहे. तू माझ्याशी बोलणं सोडलंस तर ते मला समजेल. पण आईवर जो राग धरून मोठी झालीस, तो तिचा नव्हे. तो माझ्याकडे पाठव.

जिला तुझ्या आईनं सांगितलं होतं, ती
प्रतिभाआत्या