नळीतली लाल माती

मनिंजाऊ, ३ मार्च २०२३

विल्दा पोरी,

सलाम आणि दुआ. आम्ही सगळे धड आहोत, माझे गुडघे सोडून. हेंद्रीमामाच्या तळ्यातल्या पिंजऱ्यांतले मासे परत पोट वर करून तरंगले. वास चुलीपर्यंत येतो. तुला रिनुआकची भजी पाठवणार होते, पण जाळ्यात ते चिमुकले मासे मूठभरही आले नाहीत.

फोनवर तू विचारतेस, "उची, जेवलीस का?" मी म्हणते, "जेवले." तुझं-माझं बोलणं तिथेच संपतं. म्हणून लिहितेय. आजीच्या अक्षराला हसू नकोस.

मला त्या नळीतल्या लाल मातीचे तुकडे परत हवेत. काळ्या चिखलाचं तुम्ही लोणचं घाला.

तुझ्या कॉलेजच्या मंडळींनी तळ्याच्या बुडातून नळी भरून आणली आणि माझ्या मागच्या पडवीत उभी केली. खालून दट्ट्याने चिखल वर ढकलायचा, बोटभर वर आला की कापायचा, पिशवीत घालून नंबर टाकायचा. बांबूतला लामांग भात कापावा तसं चाललं होतं तुमचं. वरचा सगळा चिखल काळा, सडक्या अंड्यांच्या वासाचा. मी म्हटलं, "हा तुझ्या मामाचा पराक्रम. माशांना घातलेलं सगळं खाली जाऊन बसलंय." सगळे हसले. मग लाल माती आली. तुझे सर ओरडले, "दरड! भूकंपाचं साल! आता तारीख पक्की झाली!" टाळी वाजवली त्यांनी. ती परदेशी पोरगी तर नाचलीच.

तू नाचली नाहीस. पण हातही थांबवला नाहीस. कापलंस, नंबर घातलेस आणि म्हणालीस, "उची, चहा मिळेल?"

मी चहा ठेवायला गेले.

त्या भूकंपाच्या साली डोंगर तुमच्या घरासकट तळ्यात उतरला, तेव्हा घरात कोण होतं हे तुला मी सांगायचं का? तू माझ्याकडे होतीस म्हणून वाचलीस. बाकीच्यांची मयतं सापडली. तुझी आई, माझी युस्निदार, सापडली नाही.

मी खुळी नाही. चार बोटं मातीत माणूस नसतं, मला कळतं. पण रमजानच्या आधी सगळ्या बाया आपापल्या कबरींवर पाणी घालायला जातात आणि मी तळ्याकडे तोंड करून उभी राहते. पाण्याला पाणी काय घालायचं?

हेंद्री सोमवारी पाडांगला येतोय, तोच हे पत्र देईल. तुकडे त्याच्याकडे दे. सर कुरकुरले तर सांग, पडवी माझी होती.

तुझी उची


मनिंजाऊ, ९ मार्च

विल्दा,

हेंद्री परत आला. चपला काढायच्या आतच मी विचारलं, "आणलंस?" तो म्हणाला, "आई, आधी पाणी दे." तेव्हाच कळलं.

तुकडे वाळवून भट्टीत घालतात म्हणे, किती जळतं आणि किती उरतं ते बघायला. लाल माती तुम्ही पहिल्याच आठवड्यात घातलीत. "दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही, मामा, मीच घातली," असं म्हणालीस आणि रडलीस. म्हणजे तुला माहीत होतं. पडवीतच माहीत होतं. एकदा नुसतं माझ्याकडे बघितलं असतंस, तरी ती नळी मी कुणाला उचलू दिली नसती.

तू दिलेली पुडी उघडली. विटेच्या रंगाची भुकटी. मला शिंक आली. इमामसाहेबांना दाखवली. म्हणाले, "माती असती तर दुआ पढलो असतो, रोस्मानियार. भाजलेल्याचं काय करायचं, मलाच ठाऊक नाही." आपल्यात माणसाला जाळत नाहीत, पोरी.

हेंद्रीने जायच्या आधी तुझ्या आजोबांच्या शेजारी हातभर खड्डा खणून ठेवला होता. आज बुजवला. आत काही घातलं नाही. पुडी तळ्यात सोडावी म्हटलं, तर वरून परत तो काळा चिखलच बसणार. ती तुझी तुला पाठवतेय. नंबर घालून कपाटात ठेव.

सुट्टीला यायचं तर ये. जेवायला घालीन. तिचं नाव मात्र माझ्यासमोर काढू नकोस.

युस्निदारची आई