आईच्या चपला

उधना, सुरत
मार्गशीर्ष, १९७१

प्रिय हिलाल,

तुझ्या कारखान्यातल्या लोटूच्या हाती पाठवलेला ऊस पोचला. तुझ्या भाचीने, शकूने, पडक्या दातांनी तो सोलायचा हट्ट धरला आणि शेवटी सगळा रस माझ्या पदराला पुसला. मामा कधी येणार, हा तिचा जप चालूच आहे. थंडीने आईचे गुडघे धरतात, पण भाजीची टोपली काही सुटत नाही. तू दिलेल्या चपला घालूनच ती बाजारात जाते. एक बोट मोठ्या आहेत त्या, फटक फटक वाजतात. आई येते आहे हे गल्लीला आधीच कळतं. जन्मदात्या आईच्या पायाचं माप तुला ठाऊक नसावं, कमाल आहे तुझी.

श्रावणात कानबाईच्या सणाला देवीपुढे दारू सोडल्याची शपथ घेऊन तू त्या आपल्या हाताने तिच्या पायात घातल्यास, तेव्हा मी रडले होते. हिलाल दारू सोडेपर्यंत अनवाणी राहीन, असा नवस ती देवीला बोलली होती. दोन उन्हाळे तापल्या डांबरावरून टोपली घेऊन तशीच फिरली. गल्लीतल्या बाया तिच्या पाया पडायच्या. आणि तू? प्यायला बसलास की माझी माय माझ्यासाठी अनवाणी फिरते म्हणून रडायचास, आणि रडून झालं की आणखी मागवायचास. गुजरातेत दारूबंदी, पण तुला ती बरोबर सापडायची.

नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात ना, तसं आम्ही सगळेच तुझ्या वतीने अंगणाला दोष देत राहिलो. आधी लूमवरची रातपाळी वाईट, मग सोबती वाईट, मग सुरतच वाईट, म्हणून तुला चलथाणला साखर कारखान्यात पाठवलं. मीही काही कमी नाही. तुझ्या खाड्यांपायी मुकादमाला किती थापा मारल्या मी. एकदा तर चिंधामामाला मारूनच टाकलं, आणि दुसऱ्या दिवशी मामा स्वतः तुझी चौकशी करत लूमच्या दारात उभा! आठवलं की अजून हसू येतं. या आठवड्यात मात्र आठवूनही हसले नाही.

कारण लोटूने उसाबरोबर तुझा निरोपही आणला. कामरेजच्या लग्नात तू पुन्हा प्यालास. मित्रांनी आग्रह केला, नाही म्हणता आलं नाही, आणि ताईने हे आईला कळू देऊ नये, नाहीतर ती चपला काढून टाकेल. हिलाल, तुझा पाय घसरला याचं मला वाईट वाटलं, राग नाही आला. राग आला तो त्या निरोपाचा. अडुसष्टच्या पुरात आईला पाठीवर घेऊन छातीभर पाण्यातून चालत आलेला माझा भाऊ, आणि त्याला चार शब्द स्वतः येऊन सांगता येऊ नयेत?

दोन दिवस मीही ते आईपासून लपवलं. चपलांचा आवाज आला की मी चुलीपाशी काहीतरी काम काढायचे. शेवटी काल आई ओट्यावर पाय सोडून मेथी निवडत बसली असताना सांगून टाकलं. तिने चपला काढल्या. मला वाटलं, झालं, आलो पुन्हा तिथेच. पण तिने त्या एकमेकींवर आपटून धूळ झाडली, परत पायात घातल्या आणि म्हणाली, "मना पाय भाजनात, पण त्यानी नशा उतरनी नही. आते त्याना नवस त्यालेच पाळू दे."

आणि मला तिथल्या तिथे पत्र लिहायला बसवलं. यापुढे तुझ्यासाठी ती अनवाणी राहणार नाही आणि मी खोटं बोलणार नाही, एवढं तुला कळवायचं होतं. रविवारी ये. मित्रांना मध्ये न आणता तिच्यासमोर बस आणि सांग, प्यालो तो मी, आणि सोडायची तीही मलाच. पाय लटपटतील, मला ठाऊक आहे. लटपटत ये, पण तुझ्याच पायांनी ये. वांग्याचं भरीत आणि कळण्याच्या भाकरी करून ठेवते. मी नको म्हटलं तरी आई तुला घ्यायला स्टेशनवर येणार आहे, त्याच चपला घालून.

वाट पाहणारी, तुझीच
सुंदराताई