लाल पट्ट्याची बाटली

गॅनेट बे, क्वीन्सलँड
२ एप्रिल १९८४

चि. नेव्हिल यास मर्लताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, तारच ती! तीन ओळी, त्यातली एक पेट्रोलपंप बिघडल्याची. तुझ्या बेव्हनं, बायको शहाणी म्हणून, चार ओळी जास्त लिहिल्या म्हणून घरची खबर तरी कळली. कसं रे तुझं निभतं तिकडे? दिवसभर पर्यटकांशी गप्पा मारत असशील, आणि बहिणीला लिहायचं म्हटलं की शाई आटते.

मुद्द्याचं लिहिते. मेच्या सुट्टीत कोरलला माझ्याकडे पाठव. मुलगी दहा वर्षांची झाली. नाव ठेवलंय कोरल, म्हणजे पोवळं, आणि समुद्र पाहिलाय फक्त कॅलेंडरवर! तुम्हा दोघांना काहीच कसं वाटत नाही? लांब लांबच्या शहरातली माणसं इथे उन्हाला येतात, वाळूत लोळतात, आणि सख्खी भाची तिकडे माश्या हाकलत बसते.

बेव्हनं जेलीफिशचं विचारलंय. तिला म्हणावं, काळजी करू नकोस. त्या मेपर्यंत जातात. शिवाय किनाऱ्यावर खांबाला व्हिनेगरची बाटली बांधलेली असते. डंख झाला की लगेच ओतायची. ती भरून लावायचं काम किनाऱ्याच्या समितीनं माझ्याकडे दिलंय. आमचा वॉली रोज संध्याकाळी बघून येतो. वॉली तुला आठवतो ना? ऊसतोडीतला, जाडी भुवई, आता अडुसष्टचा आहे. मी समितीसाठी चालवते त्या कॅरॅव्हॅन पार्कच्या शेवटच्या जागेत, माझ्या मासे-चिप्सच्या दुकानामागे राहतो, गवत कापतो, नळ दुरुस्त करतो, आणि वेळ मिळाला की मला शहाणपण शिकवतो. हल्ली थोडं विसरतो, पण बाटली नाही विसरत. लोक ती चिप्सवर ओतायला चोरून नेतात! म्हणून त्यानं या वर्षी बाटल्यांना लाल रंगाचा पट्टा मारलाय. कुणाच्या टेबलावर लाल पट्टा दिसला की वॉली तिथे जाऊन सगळ्यांसमोर विचारतो, तुमची आई समुद्रात आहे का हो? परवा एका वकिलाला असं लाजवलं की तो बिचारा जेवण टाकून उठला.

बेव्हला नमस्कार, कोरलला पापा. आणि माझ्यावरची माया तुमच्याकडच्या तळ्यासारखी आटू देऊ नकोस.

तुझी,
मर्लताई


विरिला
१६ एप्रिल १९८४

ती. मर्लताईस सा. न. वि. वि.

चार पानं लिहितो, म्हणजे तुझं तोंड बंद होईल.

आमचा हंगाम सुरू झाला. दक्षिणेकडच्या म्हाताऱ्यांच्या कॅरॅव्हॅन, ती चाकांवरची घरं, एकामागून एक येतायत. तुझी गिऱ्हाइकं वाळूची, माझी धुळीची. काल एक बाई म्हणाल्या, इथे बघण्यासारखं काय आहे? मी म्हटलं, काही नाही, तेच बघायला लोक येतात. त्यांना ते इतकं आवडलं की त्या तीन दिवस राहिल्या.

कोरलला पाठवतोय. पत्र वाचून दाखवल्यापासून पोरीनं घर डोक्यावर घेतलंय. तळ्याच्या गढूळ पाण्यात रोज हातपाय मारते आणि विचारते, समुद्र तळाला पण खारट असतो का? बेव्हनं तिच्या बॅगेत स्वतःचे दोन जुने लांब स्टॉकिंग घातलेत. किनाऱ्यावरचे जीवरक्षक पाण्यात उतरताना तेच घालतात म्हणे, जेलीफिशपासून वाचायला. आता मी कोण तिला हसणारा?

ताई, एक गोष्ट गंभीरपणे लिहितो. बेव्हला पाण्याची धास्ती आहे, तिचा भाऊ तसा गेला हे तुला ठाऊक आहे. ती फक्त तुझ्या शब्दावर पाठवतेय. मीही.

गाडी चार मेला शुक्रवारी दुपारी पोचेल. पोरगी गोड बोलून तुला लुटेल, सांभाळून राहा. थोरल्या बहिणीनं धाकट्यावर माया करायची असते, एवढं लक्षात ठेव म्हणजे झालं.

तुझा,
नेव्हिल


गॅनेट बे
१५ मे १९८४

चि. नेव्हिल यास अनेक आशीर्वाद.

तू पंप बंद ठेवता येत नाही म्हणून इस्पितळातून परत गेलास, पण तुझा जीव इथेच अडकलाय हे मला कळतं. म्हणून आधी चांगलं लिहिते. डॉक्टर म्हणाले, कोरलच्या जिवाचा धोका टळला. काल तिनं सूप घेतलं आणि तक्रार केली की ते इस्पितळाच्या फडक्यासारखं लागतं. पलंगाशी बसलेली बेव्ह हसली. दहा दिवसांत पहिल्यांदा हसली. उजव्या पायावर मांडीपासून घोट्यापर्यंत जेलीफिशच्या डंखाचे, चाबकाच्या फटक्यांसारखे वळ आहेत. ते राहणार म्हणतात. पण पाय चालेल.

तुला फोनवर सगळं नीट सांगता आलं नव्हतं. शनिवारी सकाळी नऊला ती पाण्यात उतरली. मीच म्हटलं होतं, मे लागलाय, आता ते स्टॉकिंग कशाला, पोरं हसतील. जेमतेम गुडघाभर पाण्यात होती रे. किंचाळी ऐकून मी धावले. वॉलीनं तिला बाहेर ओढलं. खांबावर बाटली नव्हती. शेजारच्या तंबूतून व्हिनेगर आणेपर्यंत वेळ गेला, आणि तिचा श्वास थांबला. वॉलीनं तोंडानं श्वास दिला, रुग्णवाहिका येईपर्यंत देत राहिला. त्याचे गुडघे सोलून निघाले.

बाटली जागेवर का नव्हती, याचा किनाऱ्याची समिती शोध घेतेय. लोक म्हणतात, वॉली विसरला.

मला जास्त लिहिवत नाही. तुझ्या मनात ताईसाठी थोडी जागा राहू दे.

मर्ल


विरिला
२३ मे १९८४

ती. मर्लताईस नमस्कार.

पत्र वाचलं. तो म्हातारा विसरला, आणि त्याला फक्त एक काम होतं. एक! इस्पितळाच्या आवारात मी त्याची कॉलर धरली होती ते तू पाहिलंस. तेव्हा तू मध्ये पडलीस म्हणून सोडलं. तो खाली मान घालून नुसता उभा होता. मी त्याला नाही नाही ते बोललो. घेतो का काही मागे? नाही घेत.

त्यानं श्वास दिला हे मान्य. पण श्वास द्यायची वेळ कुणी आणली? परत आल्या आल्याच मी समितीला पत्र टाकलं होतं. असल्या माणसाला किनाऱ्यावर काम देऊ नका, आणि तुझ्या पार्कातही ठेवू नका. त्यांचं उत्तर आलं, जूनअखेर त्याला जागा सोडायला सांगणार आहेत. तू दयेपोटी मोडता घालू नकोस. घातलास तर आमची कोरल पुन्हा तुझ्या दारात येणार नाही.

एक मात्र सांगतो. बेव्ह फोनवर म्हणाली, तंबूतल्या लोकांनी पाहिलं, तू खांबाकडे गेलीच नाहीस, थेट त्यांच्याकडे धावलीस. तेवढ्या घाईत तुझं डोकं चाललं. खांबाकडे जाऊन परत फिरली असतीस तर पोरगी हातची गेली असती. ताई, हे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

तुझ्या मायेच्या ऋणात,
नेव्हिल


गॅनेट बे
१ जून १९८४

चि. नेव्हिल यास आशीर्वाद.

उपकार वगैरे लिहीत जाऊ नकोस. मला ते वाचवत नाही.

बेव्ह आणि कोरल सुखरूप पोचल्याचं कळलं. बरं वाटलं. इथे थंडीचे पर्यटक येऊ लागलेत, हवा अशी सुंदर पडलीय की रागच येतो.

वॉलीचं तू विचारलं नाहीस, तरी लिहिते. त्याला स्वतःलाच वाटतं की तो विसरला. मला म्हणाला, मर्ल, मला शुक्रवारी संध्याकाळी बाटली बघितल्याचं स्पष्ट आठवतं, पण मग माझ्या डोक्यावर विश्वास कसा ठेवायचा? आता तो रोज पहाटे हाताच्या पंजावर पेनानं 'बाटली' असं लिहितो आणि दिवसातून दहा वेळा खांबाला हात लावून येतो. चहा पिताना मध्येच उठतो. वकिलांना लाजवायचं त्यानं सोडलंय. सामान बांधून ठेवलंय, एक पेटी आणि किटली. कुठे जाणार विचारलं तर म्हणतो, बघू.

नेव्हिल, म्हाताऱ्यावर एवढा राग धरू नये. माणसाच्या हातून होतं. तू समितीला आणखी एक पत्र लिहिशील का, की तुझं काही म्हणणं नाही? ताईचं एवढं ऐक. जास्त काय लिहू.

मर्ल


विरिला
१२ जून १९८४

ती. मर्ल आत्यास कोरलचा सा. न.

आत्या, मी बरी आहे. पाय खाजतो. वर्गातल्या सगळ्यांनी वळ बघितले, डॅरिल म्हणाला मगरीचे आहेत का, मी हो म्हटलं.

आई म्हणाली तुला आभाराचं पत्र लिही. आभार. शिंपल्यांबद्दल आणि पहिल्या दिवशी रात्रीच्या जेवणाला मासे आणि चिप्स दिलेस त्याबद्दल पण.

मला तुला एक विचारायचंय. बाबांना नाही विचारलं, कारण ते वॉली आजोबांचं नाव निघालं की टेबलावर हात आपटतात. त्या दिवशी बसभर माणसं आली होती ना, आणि तुझ्या काउंटरवरचं व्हिनेगर संपलं होतं. मग तू बाहेर जाऊन दुसरी बाटली आणलीस. तिच्यावर लाल पट्टा होता. मला तो पट्टा आवडला म्हणून मीच सगळ्यात जास्त ओतलं. चिप्स ओल्या झाल्या तरी ओतलं. शेवटचं थेंब थेंब पण मीच काढलं.

ती खांबावरची होती का? मग ते मीच संपवलं. मग वॉली आजोबांना का घालवतात? त्यांना सांगू का की मी होते? मला शिक्षा होईल का? माझ्या पायाला झालंय तीच शिक्षा का?

लवकर कळव. आईला पत्र दाखवलं नाही, ट्रकवाल्या काकांकडे दिलंय.

तुझी आवडती (असं तूच म्हणालीस),
कोरल


गॅनेट बे
१९ जून १९८४

नेव्हिल,

आशीर्वाद द्यायचा मला अधिकार नाही, म्हणून लिहीत नाही.

सोबत कोरलचं पत्र आहे. ते आधी वाच, मग हे.

वाचलंस? तर तिनं पाहिलं ते खरं आहे. वॉली विसरला नाही. शुक्रवारी संध्याकाळी बाटली खांबावर होती, त्यानं बघितली होती. माझं व्हिनेगर संपलं, तीस माणसं रांगेत उभी होती, आणि मी चाळीस पावलं चालून ती काढून आणली. मला वाटलं, मे लागलाय, कुठली जेलीफिश आता? सकाळी दुकान उघडलं की नवी भरून लावते. सकाळी न्हाणीघराचा पंप फुटला, मी त्याच्या मागे लागले. वर्षभर मी चोरांना शिव्या दिल्या रे, आणि चोर मीच निघाले.

तू म्हणालास माझं डोकं चाललं. खांबाकडे गेले नाही, कारण तो रिकामा आहे हे मला ठाऊक होतं. माझ्या दुकानातली बाटलीही रिकामीच आहे, हेही ठाऊक होतं. उपकाराचे ते शब्द तू लिहिलेस तेव्हा मी पत्र चुलीत टाकलं. तेव्हाच लिहायला हवं होतं. आठवडे गेले, आणि प्रत्येक दिवशी वाटलं, उद्या. तू त्याची कॉलर धरलीस तेव्हा मी मध्ये पडले, पण तोंड उघडलं नाही. घाबरले. तुम्ही तिघं दुरावाल, एवढंच दिसत होतं. शेवटी दहा वर्षांचं पोर माझं पाप स्वतःच्या अंगावर घ्यायला निघालं. तिला मी वेगळं लिहिलंय की तिची कणभर चूक नाही. तूही तिला जवळ घेऊन सांग. रोज सांग.

समितीसमोर काल उभी राहिले आणि सगळ्यांसमोर सांगितलं. किनाऱ्यावरच्या बाटल्यांचं काम माझ्याकडून काढलं, ते बरोबरच आहे. वॉलीची नोटीस मागे घेतली.

त्याच्याकडे मी समितीच्या आधीच गेले होते. वाटलं होतं शिव्या देईल. तो पायरीवर बसून होता, पंजावर शाई. मी सगळं सांगितलं. त्यानं किटली बाजूला ठेवली. मग म्हणाला, म्हणजे मी विसरलो नव्हतो? मी नाही म्हटलं. त्यानं पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं. नेव्हिल, तो रडायला लागला, आणि म्हणाला, मर्ल, मला वाटलं माझं डोकं गेलं. मग नळाखाली जाऊन हात घासून घासून धुतला. मला एक शब्द वाईट बोलला नाही. बोलला असता तर बरं होतं.

माफी मागत नाही. ती मागायचीसुद्धा माझी लायकी नाही.

मर्ल


विरिला
३० जून १९८४

ताई,

तुझं पत्र मंगळवारच्या ट्रकनं आलं. आज शनिवार आहे. चार दिवस लिहायला बसतो आणि उठतो.

बेव्ह तुझ्याशी बोलणार नाही. किती दिवस ते मला माहीत नाही, तिलाही नाही. तिनं ते स्टॉकिंग धुऊन पुन्हा कपाटात ठेवलेत, आणि त्यांच्याकडे बघून ती जे म्हणाली ते मी लिहीत नाही. मी तुझ्यावर चिडलोय, आणि ते इतक्यात जाणार नाही. कॉलर मी धरली, चूक तुझी होती, आणि खाली मान घालून उभा राहिला तो तिसराच.

वॉलीला मी वेगळं पत्र टाकलंय. मला माफी मागता येत नाही हे तुला ठाऊक आहे. तीन ओळी लिहिल्या, आमच्या नेहमीच्या. ऑगस्टच्या सुट्टीत इकडे ये म्हटलंय. इथे बघण्यासारखं काही नाही, तेच बघायला ये. आमचा पंप बिघडलेलाच आहे. मी स्वतः गाडी घेऊन त्याला आणायला येईन. तुझ्या दारात गाडी थांबवीन, आत येणार नाही. तू बाहेर येऊन उभी राहिलीस तर राहा.

कोरलला सांगितलं. रोज सांगतो. काल ती म्हणाली, बाबा, कळलं, आता पुरे. तिनं सोबत एक बाटली पाठवलीय, आमच्या स्वयंपाकघरातली, व्हिनेगर भरलेली. पट्टा तिनं स्वतः रंगवलाय, थोडा वाकडा झालाय. वॉलीला दे, खांबावर लावायला. तिनं बजावून सांगितलंय की आत्यानं ती हातात घेऊन नुसती पोचवायची, ठेवून घ्यायची नाही.

माया असू दे असं तू नेहमी लिहितेस. ती मागू नकोस, ती आहे. भरवसा मात्र आत्ता नाही, आणि तो कधी येईल ते मी सांगू शकत नाही.

बाटली पोचली की कळव.

नेव्हिल