नरसिंहाच्या जुन्या सोंगाविषयी

दिनांक २० एप्रिल १९४४, फसली १३५३, गुरुवार, सकाळी साडेनऊ. पटाशीला धार लावत होतो. ती अर्धवट ठेवून हात धुतले आणि लिहायला बसलो.

मी, शिवशरण, वय चोवीस, धंदा सुतारकी, राहणार मौजे बोरखेडी, उमरग्याजवळ, जिल्हा उस्मानाबाद, लिहून ठेवतो की, परवा सोलापूरच्या दवाखान्यात माझ्या पोटातली गाठ कापणार आहेत. डोके ठिकाणावर आहे, कुणी भरीस घातलेले नाही. शाळा चौथीपर्यंत, तीही उर्दूतून. म्हणून हा मजकूर आधी पाटीवर लिहून मग कागदावर उतरवला आहे. मी परत न आल्यास पुढीलप्रमाणे करावे.

एक. दोन खणांचे घर आणि डब्यातले चाळीस हाली, म्हणजे निजामी, रुपये आई गिरिजाबाई हिचे. दुःखाच्या भरात तिने शेळी विकू नये. वडील गेले तेव्हा विकली आणि वर्षभर हळहळत बसली.

दोन. वाकस, करवत, पटाश्या माझ्याकडे शिकलेल्या बशीरला. सिदूला एकही हत्यार देऊ नये. आम्ही दोघे एकाच वस्तादाकडे शिकलो. त्याने मला कधी दुखावले नाही. तरी देऊ नये.

तीन. नरसिंहाचे सोंग. पांगाऱ्याच्या लाकडाचा हा मुखवटा मी एकोणिसाव्या वर्षी कोरला. जयंतीला तो चढवून पुजारी नाचतात. दोन जत्रा नाचला आणि देवळातून चोरीला गेला. मग गावाने सिदूकडून नवा करवून घेतला. त्याचा जबडा दोरीने हलतो. पहिल्याच वर्षी लेकरे किंचाळत पळाली. माझा पाहून एकही पोर रडले नव्हते. त्या गर्दीत मी उभा होतो, मीही दचकलो. हे आजवर कुणाला सांगितलेले नाही.

गेल्या महिन्यात माझा मुखवटा उमरग्याला खाजाभाईंच्या जुन्या सामानाच्या दुकानात सापडला. त्यांनी तो एका फेरीवाल्याकडून बारा रुपयांना घेतला होता. मी बारा मोजू लागलो, तर म्हणाले, "सातच दे. पाच सिदूनं ठेवलेत."

"कवा?"

"महिना झाला की. म्हनला, चाचा, हे शिवशरणच्या हातचं हाय, दुसऱ्याला इकू नगा, बाकीचे जमले की नेतो. लई खूश झालता बघ."

म्हणजे माझी हरवलेली वस्तू शोधण्याचा मानही त्याचाच. मुखवटा घेऊन तसाच सिदूच्या घरी गेलो, त्याचे पाच रुपये पुढे केले.

"खुळा का काय तू?" तो हसला. "जबडा न्हाय हलत त्याचा, पर डोळे बघ की. मला तसले न्हाय जमले."

तो खरे बोलत होता, म्हणून जास्त लागले.

चार. गावचा रिवाज असा की, जुने सोंग गावात असेतोवर नवे नाचत नाही. जुने सोंग ज्याने घडवले त्यानेच तळ्यात सोडायचे. तो हयात नसल्यास त्याने नेमलेल्याने. पुजारी महारुद्र काल म्हणाले, "शिवशरण, जयंती पंधरा-वीस दिसांवर आली. सोडून टाक बाबा. गावाला हलता जबडा पायजे."

मी सोडले नाही.

माझ्यामागे आईला नेमणार होतो, पण चार बायकांनी गळ घातली की ती सोडील. तीन दिवस विचार करून सिदूला नेमतो. माझा मुखवटा त्याच्या हातून पाण्यात जाणार नाही, याची मला खात्री आहे. आणि तो जात नाही तोवर सिदूचा स्वतःचा पेटीतच राहील. हे कलम त्याला मोठ्याने वाचून दाखवावे. तो रागावणार नाही. मला तेही ठाऊक आहे.

साक्षीदार:
खाजाभाई, उमरगा (सही उर्दूत)
महारुद्र, पुजारी (चौथे कलम दोनदा वाचायला लावले, मग सही केली)

सही: शिवशरण
मुक्काम बोरखेडी, २० एप्रिल १९४४

खर्च: मुखवट्यास सात रुपये हाली. कागदास दोन आणे. मोटार आणि दवाखान्यासाठी बाजूला काढलेले तेरा रुपये कलदार, म्हणजे इंग्रजी; सोलापुरात हाली चालत नाही.
येणे: काही नाही.
देणे: सिदूचे पाच रुपये हाली. तीनदा नेऊन दिले, घेतले नाहीत.